दुसऱ्या शिखराची राखण

श्रावणातल्या दाट धुक्यात एखाद्या माणसाला सह्याद्रीत नेऊन सोडले आणि सांगितले, की 'या मुलखातले सर्वांत उंच ठिकाण शोधून काढ', तर तो काय करील? चार हातांपलीकडचे दिसत नाही. नकाशा जवळ नाही. पायाखालची जमीन कुठे चढते आणि कुठे उतरते, एवढेच काय ते कळते. तो चढाच्या दिशेने पाऊल टाकील, मग पुढचे टाकील, आणि चहूबाजूंना उतारच लागू लागला की 'पोहोचलो एकदाचे' म्हणून तिथेच बसकण मारील. धुके विरल्यावर कळावे, की आपण बसलो आहोत ती कुठल्याशा गावामागची टेकडी, आणि १६४६ मीटरचे कळसूबाई पार तिकडे दूर उभे आहे!

हा प्रश्न केवळ डोंगर चढणाऱ्यांचा नाही. पुलाचा आराखडा करणारा अभियंता, एसटीच्या फेऱ्या आखणारा अधिकारी, औषधासाठी योग्य रेणू शोधणारा रसायनशास्त्रज्ञ हे सारे अशाच धुक्यात चालत असतात. प्रत्येकापुढे शक्यतांचा एक अवाढव्य मुलूख पसरलेला असतो. चांगली उत्तरे म्हणजे त्यातली शिखरे, वाईट उत्तरे म्हणजे दऱ्या. गंमत अशी, की बऱ्याचशा खऱ्याखुऱ्या प्रश्नांत शिखर एकच नसते. अनेक असतात. काही जवळजवळ सारख्याच उंचीची असतात, आणि तरीही एकमेकांपासून फार दूर. कळसूबाईनंतरचा साल्हेर १५६७ मीटरचा. उंचीत फरक ऐंशीएक मीटरचा, पण दोन्हीकडे जाण्याच्या वाटा निराळ्या, दोन्हींचा स्वभाव निराळा. अशा वेळी नुसते 'सर्वांत उंच कोणते' एवढे विचारून भागत नाही. उंच उंच म्हणावीत अशी सगळी ठिकाणे कोणकोणती, हे ठाऊक असावे लागते.

अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. या काळात ज्या विषयाने मला सर्वाधिक विचार करायला लावला, तो हाच. संगणकाला एका वेळी अनेक शिखरे कशी शोधायला लावायची, आणि त्याहून अवघड म्हणजे, सापडलेली शिखरे त्याने सोडून देऊ नयेत म्हणून काय करायचे?

एका माणसाने भागत नसेल तर शंभर पाठवावेत, हा पहिला साधा विचार. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन हॉलंड यांनी त्याला निसर्गाची जोड दिली. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने 'जेनेटिक अल्गोरिदम' या पद्धतीचा पाया घातला. ही पद्धत समजायला मुळीच अवघड नाही. एखाद्या प्रश्नाची शंभर उत्तरे संगणकाने वाटेल तशी तयार करायची. प्रत्येकाला गुण द्यायचे. जास्त गुणवाल्यांना 'आईबाप' म्हणून निवडायचे, त्यांच्या गुणधर्मांची सरमिसळ करून 'मुले' जन्माला घालायची, मधूनच एखाद्या मुलात किंचित बदल करायचा, आणि या नव्या पिढीला पुन्हा गुण द्यायचे. असे शेकडो पिढ्या करीत राहायचे. शेतकरी उत्तम कणसाचे दाणे बियाण्यासाठी राखून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

ही नुसती कागदावरची करमणूक नाही. मार्च २००६ मध्ये 'नासा'ने अवकाशात सोडलेल्या 'एसटी-५' मोहिमेतील छोट्या उपग्रहांवर जो अँटेना होता, त्याचा आकार अशाच उत्क्रांतीतून निघाला होता. कागदाला लावायची पिन कुणी तरी कंटाळून वेडीवाकडी वाकवावी, तसा तो दिसे. कुणा अभियंत्याने आपल्या हाताने तसे चित्र काढले असते, असे वाटत नाही. पण काम त्याने चोख केले.

मग अडचण कुठे आहे? अडचण निवडीतच आहे. समजा, शंभरांतल्या एका उत्तराला इतरांपेक्षा थोडे अधिक गुण मिळाले आणि त्याची वंशावळ दर पिढीला दुप्पट होत गेली. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. सातव्या पिढीला हा आकडा १२८ होतो, म्हणजे शंभरांच्या वस्तीत दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. धुक्यात पसरलेल्या शंभर जणांपैकी एकाने 'इकडे चढ आहे!' अशी आरोळी ठोकावी आणि बाकीच्या नव्याण्णवांनी आपापल्या वाटा सोडून तिकडे धाव घ्यावी, तसे हे झाले. माणसे शंभर, पण शोध एकाचाच. ती टेकडी बुटकी निघाली, तर सगळेच फसले.

कॅरमच्या सोंगट्यांचा खेळ

यावर कुणी म्हणेल, की दोन शिखरे अगदी सारख्या उंचीची असतील तर असे होणार नाही, अर्धे लोक इकडे आणि अर्धे तिकडे राहतील. वरवर पाहता हे पटते. पण ते खरे नाही, आणि त्याचा पडताळा घरबसल्या घेता येतो.

कॅरमच्या पाच काळ्या आणि पाच पांढऱ्या सोंगट्या एका कापडी पिशवीत घाला. मुलांपैकी एकाला न पाहता एक सोंगटी काढायला सांगा, रंग कागदावर लिहा आणि सोंगटी परत पिशवीत टाका. असे दहा वेळा करा. समजा, कागदावर सहा काळ्या आणि चार पांढऱ्या आल्या. मग दुसऱ्या फेरीसाठी पिशवीत सहा काळ्या, चार पांढऱ्या ठेवा आणि पुन्हा दहा वेळा काढा. फेरी म्हणजे पिढी. इथे काळा रंग पांढऱ्याहून सरस नाही, कुणाला जास्त गुण नाहीत, कुणाशी पक्षपात नाही. तरीही आकडे झुलू लागतात आणि केव्हा तरी एका रंगाच्या दहा आणि दुसऱ्याची शून्य अशी वेळ येते. सरासरीने बारा-पंधरा फेऱ्यांत हे घडते. कधी लवकर, कधी उशिरा, पण घडते हे नक्की. आणि एकदा शून्य झाले, की तो रंग आपण होऊन परत येत नाही.

जीवशास्त्रज्ञ याला जनुकीय विचलन म्हणतात. शिखरे-दऱ्यांचे हे चित्र १९३२ साली मांडणारे सूअल राइट हे विचलनाचेही मोठे अभ्यासक होते. सोंगट्यांचा खेळ आपल्याला सांगतो तो असा, की वैविध्य नष्ट व्हायला कुणाचा दुष्टावा लागत नाही. लहान वस्ती आणि निव्वळ योगायोग, एवढे पुरते. ते टिकवायचे असेल, तर त्यासाठी काही तरी मुद्दाम करावे लागते.

'दुसरा पर्याय नाही का?'

आता एक रास्त शंका. उत्तम उत्तर एक मिळाले, मग दुसरे कशाला हवे? सर्वांना एकाच शिखरावर बसू दे की!

मी ज्या महाविद्यालयात होतो, तिथे दोन विद्यार्थ्यांनी आमच्या विभागाच्या वेळापत्रकावरच प्रकल्प केला होता. एका शिक्षकाला एकाच वेळी दोन वर्गांवर पाठवले की गुण वजा, प्रयोगशाळेत दोन तुकड्या भिडल्या की गुण वजा, मध्येच रिकामा तास आला की थोडे गुण वजा. वस्ती दोनशे वेळापत्रकांची. सुरुवातीला साधी पद्धत वापरली. तासाभरात गुणांनी उत्कृष्ट असे वेळापत्रक तयार झाले, एकही टक्कर नाही. विभागाच्या बैठकीत ते ठेवले तेव्हा आमच्या एक सहकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, चार दिवस माझा शेवटचा तास साडेपाचला सुटतो. सव्वापाचची गाडी गेली, की पुढची सातची. घरी बाळ आठ महिन्यांचे आहे. दुसरा पर्याय नाही का?"

दुसरा पर्याय पाहायला त्या मुलांनी संगणकातली शेवटची पिढी उघडली. दोनशे वेळापत्रके होती आणि जवळजवळ सगळी एकच होती! कुठे एखादा वर्ग पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर, एवढाच काय तो फरक. मग आधीच्या पिढ्यांच्या नोंदी चाळल्या. बाराव्या-पंधराव्या पिढीपर्यंत अगदी निराळ्या घडणीची वेळापत्रके त्या वस्तीत नांदत होती. दोघा-तिघांचे गुण विजेत्याच्या तोडीला येऊ लागले होते. पण विजेता चार पिढ्या आधी मोठा झाला आणि त्याच्या नकलांनी बाकीच्यांची जागा घेतली.

सहकारी बाईंचे बाळ, सव्वापाचची गाडी या गोष्टी गुणपत्रिकेत नव्हत्या. आयुष्यातल्या सगळ्याच गोष्टी गुणपत्रिकेत घालता येत नाहीत. म्हणून तर गुणांनी समान पण घडणीने वेगळी अशी उत्तरे हाताशी लागतात. त्या मुलांनी पुढे पद्धत बदलली, वैविध्य राखणारी केली, तेव्हा एकाच वेळी चार खरोखर निराळी वेळापत्रके मिळाली. विभागाने त्यांतले एक निवडले. बाईंना आठवड्यातले तीन दिवस सव्वापाचची गाडी मिळू लागली. चौथा दिवस कुणालाच साधला नाही. पण निदान निवड माणसांनी केली, यंत्राच्या घाईने नव्हे.

वडापावच्या गाड्या आणि घरातली कढई

वैविध्य राखण्याचे उपाय गेल्या पन्नास वर्षांत अनेकांनी शोधले. त्यांतले दोन मला विशेष आवडतात, कारण दोन्ही आपल्या रोजच्या पाहण्यातले आहेत.

पहिला उपाय वाटून घेण्याचा. स्टेशनच्या तोंडाशी रोज ६०० गिऱ्हाइके येतात आणि कॉलेजच्या फाटकाशी ३००. गावात वडापावच्या नऊ गाड्या आहेत. नवा गाडीवाला स्टेशनकडेच धावणार, कारण तिथे गर्दी दुप्पट. पण नवाही गाड्या तिथेच उभ्या राहिल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६७ गिऱ्हाइके येतील आणि कॉलेजपाशी ३०० जण उपाशी उभे! त्यांतला एक हुशार गाडी ढकलत तिकडे जातो. त्याचे पाहून दुसरा, मग तिसरा. शेवटी स्टेशनवर सहा आणि कॉलेजपाशी तीन गाड्या उभ्या राहतात. प्रत्येकी शंभर गिऱ्हाइके. आता कुणालाच हलण्यात फायदा नाही.

डेव्हिड गोल्डबर्ग आणि जॉन रिचर्डसन यांनी १९८७ साली संगणकातल्या वस्तीला हाच नियम लावला. एका शिखरावर जितकी गर्दी, तितके तिथल्या प्रत्येकाचे गुण वाटले जाणार. मग उंच शिखरावरची गर्दी आपोआप आटोक्यात राहते आणि बुटक्या शिखरावरही त्याच्या मगदुरानुसार थोडी वस्ती टिकते. कुणावर मेहेरबानी केलेली नाही, फक्त गर्दीची किंमत गर्दीकडून वसूल केली.

दुसरा उपाय कोणत्याही गृहिणीला ठाऊक असलेला. घरात नवी कढई आली की जुनी कढई मोडीत जाते. नव्या कढईसाठी कुणी विळी फेकून देत नाही! म्हणजे नव्याची स्पर्धा त्याच्यासारख्याच जुन्याशी, सगळ्या घराशी नव्हे. हॉलंड यांचेच विद्यार्थी केनेथ डी जाँग यांनी १९७५ च्या आपल्या प्रबंधात हा विचार मांडला. नवे उत्तर जन्मले, की वस्तीतल्या काहींना चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि त्यांतल्या सर्वांत जास्त साम्य असणाऱ्याची जागा नव्याला द्यायची. मात्र थोड्यांतूनच निवड होत असल्याने चुकीचे भांडे मोडीत जाण्याचा धोका राही. पुढे नव्वदच्या दशकात समीर महफूद यांनी त्यात सुधारणा केली. चिठ्ठ्यांची भानगड काढून टाकून मुलाची गाठ त्याच्याशी अधिक साम्य असणाऱ्या आईशी किंवा बापाशीच घातली. सरस ठरले तर मूल राहते, नाही तर जुनेच राहते. आमच्या विद्यार्थ्यांनी वेळापत्रकासाठी हीच रीत वापरली होती.

या कहाणीत एक भारतीय नावही ठळक आहे. खरगपूरच्या आयआयटीतून पदवी घेतलेले कल्याणमय देब यांनी १९८९ साली गोल्डबर्ग यांच्याबरोबर या उपायांची तुलना केली. त्यात एक मार्मिक गोष्ट पुढे आली. दोन वेगळ्या शिखरांवरच्या आईबापांची सरमिसळ केली, तर मूल बहुधा मधल्या दरीत जन्मते. म्हणून जवळच्यांचीच जोडी जमवणे काही वेळा हिताचे ठरते. पुढे देब कानपूरच्या आयआयटीत शिकवू लागले. तिथून २००२ साली त्यांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. तिचा प्रश्न थोडा वेगळा आहे. उद्दिष्टे दोन, तीही परस्परविरोधी. पूल स्वस्तही हवा आणि मजबूतही हवा. पण गर्दीची काळजी तीच. दोन उत्तरे बाकी बाबतींत तुल्यबळ असतील, तर ज्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी आहे त्याला राखायचे. लोकलच्या बाकावर चौथ्या सीटवर अवघडून बसलेला आधी उठतो, खिडकीपाशी ऐसपैस बसलेला नाही, तसेच!

पाय मोडलेला यंत्रमानव

राखून ठेवलेल्या या दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरांचे मोल मला सर्वांत स्पष्ट कळले ते एका सहा पायांच्या यंत्रमानवाच्या हकिकतीने. मे २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अँत्वान क्युली, जेफ क्लून, दानेश तारापोर आणि जाँ-बाप्तिस्त मूरे यांनी ती प्रसिद्ध केली. त्यांनी संगणकावर या यंत्राची चालण्याची एकच उत्तम तऱ्हा शोधली नाही. सुमारे १३,००० तऱ्हा शोधून साठवल्या. साठवण्याची रीत आपल्या मिसळणाच्या डब्यासारखी. मोहरीच्या वाटीत उत्तमातली उत्तम मोहरी, हळदीच्या वाटीत उत्तम हळद. तिखट कितीही जातिवंत असले, तरी ते हळदीच्या वाटीवर हक्क सांगत नाही. कोणता पाय किती वेळ जमिनीला टेकतो, यावरून त्यांनी वाट्या पाडल्या आणि प्रत्येकीत त्या तऱ्हेची सर्वांत वेगवान चाल ठेवली.

मग यंत्राचा पाय मुद्दाम निकामी केला. नेहमीची चाल अर्थातच कोलमडली. यंत्राने डब्यातल्या निराळ्या वाट्यांतील मोजक्या चाली करून पाहिल्या आणि दोन मिनिटांच्या आत त्याला चालता येऊ लागले. लंगडत का होईना, पण पुढे. धडधाकट असताना ज्या चाली दुय्यम होत्या, त्यांतल्याच एकीने त्याला तारले.

शेतीने हा धडा फार महाग पडून घेतला आहे. १९७० साली अमेरिकेतल्या मक्याच्या बहुसंख्य संकरित वाणांत एकाच मातृवंशाचा अंश होता. त्या वंशावर नेमका हल्ला करणारी करपा रोगाची बुरशी पसरली आणि देशातले सुमारे १५ टक्के पीक एका हंगामात गेले. त्या मक्याला गुण कमी नव्हते. उलट गुण चांगले म्हणूनच तो सगळीकडे पोहोचला होता.

वेगळे कशाला म्हणायचे?

हे सारे फुकट मात्र मिळत नाही. शंभर जण दहा शिखरांवर विभागले, की प्रत्येक शिखराच्या वाट्याला दहाच माणसे येतात आणि शोध सावकाश चालतो. कोण कुणाच्या जवळ आहे, हे पाहायचे तर शंभरांच्या वस्तीत ४,९५० जोड्या तपासाव्या लागतात. वस्ती हजारांची केली, तर जवळजवळ पाच लाख. ज्याला आज संध्याकाळपर्यंत एकच बरेसे उत्तर हवे आहे, त्याने या फंदात पडू नये हेच खरे. वैविध्याचा अतिरेक झाला, तर शंभर जण शंभर दिशांना नुसते भटकत राहतात आणि कुणीच माथ्यावर पोहोचत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती यंत्राकडे सोपवता येत नाही. 'वेगळे' कशाला म्हणायचे? वाटून घेण्याच्या उपायात किती अंतरापर्यंतच्यांना शेजारी मानायचे, हे आधी ठरवून द्यावे लागते. ते फार मोठे धरले, तर दोन शिखरे एकच समजली जातात. फार लहान धरले, तर एकाच माथ्यावरचे दोन दगड दोन शिखरे ठरतात. आणि अंतर मोजायचे ते तरी कशाचे? खोल्यांचे क्रमांक बदललेली दोन वेळापत्रके संगणकाला खूप वेगळी वाटू शकतात. घरी जायची गाडी पकडणाऱ्याला ती एकच असतात. कोणता फरक महत्त्वाचा, हे त्या फरकासह ज्यांना जगायचे आहे त्यांनाच विचारावे लागते.

आज आपल्या कितीतरी गोष्टी अशा यंत्रांच्या निवडीतून येऊ लागल्या आहेत. पुढच्या वेळी कुणी तुमच्यापुढे यंत्राने काढलेले 'सर्वोत्तम' उत्तर ठेवील, तेव्हा त्याच्या गुणांविषयी जरूर विचारा. पण त्याच्या जवळपास पोहोचलेली आणखी कोणती उत्तरे होती, आणि ती अजून शिल्लक आहेत का, हेही विचारायला विसरू नका. ती जपून ठेवलेली असतील, तर परिस्थिती बदलली तरी निवडायला काही तरी हाती राहील. नसतील, तर पुन्हा पहिल्या पिढीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढा वेळ दर वेळी आपल्यापाशी असेलच असे नाही.